डोळ्यासमोरचा मायक्रो ओएलईडी: अंकांना सावली, शटर उघडलं की चित्र गायब, कानाशी किणकिण

टेस्टबेंच_सातपूर

नमस्कार मंडळी. एलटी (कमी दाबाच्या विजेचं) पॅनेल तपासताना माणसाचे दोन्ही हात प्रोबवर असतात आणि रीडिंगसाठी दर वेळी मान वळवून मीटरकडे बघावं लागतं. ते चार अंक उजव्या डोळ्यासमोर दिसावेत म्हणून सेफ्टी गॉगलवर क्लिप होणारं युनिट जुळवलं आहे. (खाली ‘पॅनेल’ म्हणजे स्विचगियरचं, डोळ्यासमोरच्या चिपला ‘डिस्प्ले’ म्हणतोय.)

डिस्प्ले 0.23 इंची मायक्रो ओएलईडी, 640×400, 1000 निट (चकाकीचं एकक). तो वरच्या बाजूला, तोंड खाली. त्याखाली 45 अंशात 1 मिमी जाडीची 50/50 काच (निम्मा प्रकाश परत फेकणारी, निम्मा पार सोडणारी). समोर 40 मिमी त्रिज्येचा अंतर्वक्र आरसा, त्यालाही 50/50 कोटिंग, म्हणजे आरपार दिसतं. खिडकी 18 मिमी रुंद, 14 मिमी उंच. बॉडी पीएलए प्लॅस्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेली. बोर्ड ईएसपी32-एस3 (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर), 16 बिट आरजीबीवर डिस्प्ले, 10 व्होल्टचा बूस्ट (बॅटरीचा व्होल्टेज वाढवणारं सर्किट), 300 एमएएचची लिपो बॅटरी. रीडिंग वायफायवर येतं. ब्राइटनेस कमी-जास्त करायला बूस्टच्या इनेबल (चालू-बंदच्या) पिनला 4 किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होणारा सिग्नल) दिलाय.

अडचणी अशा. प्रत्येक अंकाला एक फिकट जोडअंक दिसतो, चित्राच्या उंचीच्या साधारण पाव भागाइतका सरकलेला. पंचविशीतल्या पोरांना अंक स्वच्छ दिसतात, 48 वर्षांच्या टेस्टरला धूसर. आठवडाभर वापरल्यावर सगळ्यांनाच कोपरे धूसर दिसायला लागले. शेडचं शटर उघडलं की दाराजवळच्या बेंचवर अंक दिसेनासे होतात. आणि कानाशी बारीक किणकिण येते, डेटा आला की चित्र क्षणभर लुकलुकतं.

3000 निटचा डिस्प्ले मागवावा का? किंमत दुपटीच्या वर जातेय, म्हणून आधी विचारतोय.

---

भिंग_आरसा

दादा, डिस्प्ले मागवू नका. तुमच्या दोन अडचणी भूमितीच्या आहेत आणि फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच) सुटणाऱ्या आहेत.

आधी जोडअंक. काचेला दोन पृष्ठभाग असतात. एकावर 50 टक्क्यांचं कोटिंग, दुसरा साधा. पण 45 अंशात साधी काचही साधारण 5 टक्के प्रकाश परत फेकते. दोन्ही परावर्तनं काचेच्या जाडीच्या पाऊणपट, म्हणजे 1 मिमी काचेला 0.74 मिमी, एकमेकांपासून सरकलेली असतात. आरशाची फोकल लेंथ त्रिज्येच्या निम्मी, 20 मिमी. 20 मिमीवर 0.74 मिमी म्हणजे 2 अंशांच्या वर, हात लांब केल्यावर दिसणाऱ्या अंगठ्याच्या रुंदीएवढं. तुमचा डिस्प्ले जेमतेम 3.1 मिमी उंच, म्हणून सावली पाव चित्राएवढी लांब पडते.

आता ती किती गडद आहे ते कोटिंग कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं. कोटिंग डिस्प्ले आणि आरशाच्या बाजूला असेल तर सावली मुख्य चित्राच्या अडीच टक्के. काच उलटी बसली, कोटिंग डोळ्याच्या बाजूला गेलं, तर ती 11–12 टक्क्यांवर जाते. तुमचं वर्णन उलट्या काचेचं वाटतं. तपासणी सोपी आहे: मऊ शिसपेन्सिलीचं टोक काचेच्या कडेला, प्रकाशमार्गाच्या बाहेर, अलगद टेकवा आणि तिरकं बघा. टोक आणि त्याचं ठळक प्रतिबिंब एकमेकांना चिकटलेलं दिसलं तर ती कोटिंगची बाजू. मध्ये फट दिसली तर तुम्ही साध्या बाजूला टेकवलंय आणि ठळक प्रतिबिंब मागून येतंय. 1 मिमी काचेत ही फट डोळ्याला सहज कळते.

काच सुलटी केल्यावरही काळ्या पार्श्वभूमीवर अडीच टक्के दिसतातच. मग मागच्या बाजूला 45 अंशांसाठीचं अँटिरिफ्लेक्शन (परावर्तन रोखणारं) कोटिंग असलेली काच घ्या. 0 अंशासाठीचं कोटिंग इथे नीट काम करत नाही, ऑर्डर देताना कोन लिहाच. काच नुसती पातळ केली तर सावली अंकाच्या जवळ सरकते, तिचा गडदपणा तोच राहतो. अंक जाड असतील तर तेवढ्यानेही भागतं.

आता फोकस, आणि इथे जरा सावकाश वाचा. 20 मिमी फोकल लेंथला डिस्प्ले 1 मिमी हलला तर चित्र अडीच नंबरने हलतं. चष्म्याचा नंबर म्हणतो तोच. 0.1 मिमी म्हणजे पाव नंबर. तरुणाला स्वच्छ आणि 48 च्या माणसाला धूसर, याचा अर्थ चित्र फार जवळ पडतंय: तरुण डोळा ते ओढून घेतो, चाळिशीनंतरच्या डोळ्यात तेवढा ताण घ्यायची ताकद उरत नाही. माझा अंदाज, चित्र 50 सेमीवर आहे, म्हणजे डिस्प्ले फोकसच्या 0.8 मिमी आत. तुमचं पॅनेल हाताच्या अंतरावर, साधारण 65–70 सेमीवर असतं. चित्राचा मध्य 1 मीटरवर, म्हणजे डिस्प्ले फोकसच्या 0.4 मिमी आत ठेवा. फोकसच्या बाहेर मात्र कधीच नेऊ नका. ते चित्र कुठल्याच निरोगी डोळ्याला जुळत नाही आणि डोकं दुखतं.

1 मीटरच का? गोल आरशाची फोकसची सपाटी वाकलेली असते आणि डिस्प्ले सपाट. कोपरा मध्यापासून 2.9 मिमी दूर, तिथे 0.21 मिमीची तफावत पडते, म्हणजे अर्धा नंबर. मध्य 1 मीटरवर असला की कोपरे आपोआप 65 सेमीच्या आसपास येतात, पॅनेलच्याच अंतरावर. अंक मोठे करून मध्यात ठेवा, कोपऱ्यात काही बारीक लिहू नका.

मापन असं करा. डोळ्याच्या जागी मोबाइलचा कॅमेरा, बरोबर 1 मीटरवर आडवी स्टील पट्टी, आरशातून आरपार दिसेल अशी. कॅमेरा 5 मिमी बाजूला सरकवा. अंक पट्टीवर किती सरकले ते वाचा. प्रत्येक मिलिमीटर सरक म्हणजे 0.2 नंबर, म्हणजे 0.08 मिमीची शिम (फटीत घालायची पातळ पट्टी). अंक कॅमेऱ्याच्या उलट दिशेला गेले तर चित्र पट्टीच्या अलीकडे आहे, डिस्प्ले काचेपासून लांब करा. कॅमेऱ्याबरोबर गेले तर जवळ आणा. सरक शून्य झाली की थांबा.

आठवड्याने बिघडतं ते उन्हाने प्रसरण पावून नाही. पीएलए 15 अंश तापलं तरी 20 मिमीत 0.02 मिमीच वाढतं, ते नगण्य. डिस्प्लेची फ्लेक्स केबल वाकवून दाबलेली असणार, ती स्प्रिंगसारखी डिस्प्लेला ढकलत राहते आणि पीएलए सावकाश सरकतं. 60 अंशांच्या आसपास ते मऊच पडतं, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर खेळ संपला. फ्लेक्सला सैल वळण द्या, डिस्प्लेच्या आधीच तिला बॉडीला स्क्रूच्या पट्टीने धरा. बॉडी एएसएमध्ये (जास्त उष्णता सोसणारं प्रिंटिंगचं प्लॅस्टिक) छापा, किंवा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कुठल्याही व्हीएमसीवाल्याकडून (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) काळ्या डेलरिन प्लॅस्टिकमध्ये काढून घ्या. डेलरिनला गोंद धरत नाही, सगळं स्क्रूवर करावं लागेल. आणि काच चिकटवायला फेविक्विकसारखा गोंद अजिबात नको, त्याची वाफ कोटिंगवर पांढरट थर धरते.

---

उजेडमोजणी

वरचं सगळं बरोबर आहे. शटरच्या अडचणीवर मी लिहितो, कारण इथे बहुतेक लोक डिस्प्लेला दोष देतात.

डिस्प्लेचे 1000 निट तीनदा निम्मे होतात: काचेवर परावर्तन, आरशावर परावर्तन, परत काचेतून पार. डोळ्यापर्यंत 125 निट. भिंगाने किंवा आरशाने चकाकी वाढत नाही, फक्त चित्र मोठं होतं, हे पक्कं लक्षात ठेवा.

समोरून येणारा उजेड आरसा आणि काच दोन्हींतून पार होतो, चौथाई उरतो. दाराजवळ 3000 लक्स (पडणाऱ्या उजेडाचं एकक) धरले आणि पॅनेलचा फिका राखाडी रंग 60 टक्के परावर्तन देतो असं धरलं, तर पॅनेल 573 निट, डोळ्यापर्यंत 143. म्हणजे अंक आणि पार्श्वभूमी यांचं गुणोत्तर 1 + 125/143, जवळजवळ 1.9. मोठे ठळक अंक दीडला वाचता येतात. मग गायब का होतात?

कारण उजेड खालून येतोय. तुमच्या काचेची मागची बाजू डोळा आणि छाती यांच्यामध्ये 45 अंशात उभी आहे. टेस्टरचा पांढरा शर्ट 3000 लक्समध्ये 760 निटने चमकतो, त्यातले निम्मे ती काच सरळ डोळ्यात पाठवते: 380 निट. म्हणजे पार्श्वभूमी 143 नाही, 523, आणि गुणोत्तर 1.24 वर येतं. या रचनेत हे नेहमी होतं आणि नेहमी विसरलं जातं. युनिटखाली हाताने काळा कागद धरून बघा, अंक वर येतील.

पक्का उपाय म्हणजे काचेखाली तळ बंद करा आणि आतून काळी मखमल लावा. मेन रोडवर कापडाच्या दुकानात अगदी लहान तुकडा पुरेल. नुसतं काळं प्लॅस्टिक नको, तिरक्या उजेडात ते चकाकतं.

त्यापुढचं पाऊल आरशाचं कोटिंग. 50/50 ऐवजी 70 टक्के परावर्तन, 30 टक्के पार असा आरसा घेतला तर डोळ्यापर्यंत 175 निट येतात आणि समोरचा उजेड 15 टक्क्यांवर उतरतो, 86 निट. गुणोत्तर 3. तोच डिस्प्ले, तीच बॅटरी. 3000 निटचा डिस्प्ले घेऊन 50/50 वर ठेवलात तर 3.6 मिळतं, पण वीज जास्त खाणार आणि ओएलईडी लवकर थकणार. आणि शटरबाहेरची उन्हातली चुन्याची भिंत 17–18 हजार निटची असते, तिच्यासमोर 3000 निटवालाही 1.1 च्या खालीच राहतो.

माझं स्पष्ट मत मात्र वेगळं आहे: चार अंकांसाठी आरपार दिसायची गरजच काय? आरशामागे काळं झाकण लावा, पूर्ण परावर्तनाचा (95 टक्के धरा) आरसा घ्या. 237 निट मिळतील, पार्श्वभूमी जवळजवळ शून्य. युनिट नजरेच्या रेषेपासून 15–20 अंश वर, उजव्या कोपऱ्यात बसवा. अंक हवे तेव्हा डोळा वर, काम करताना दोन्ही डोळे मोकळे. फोकस जुळवायचं ते झाकण लावायच्या आधी जुळवा, पट्टी आरपार दिसली पाहिजे.

---

अंबड_पीसीबी

किणकिण म्हणजे तुमचे सिरॅमिक कॅपॅसिटर गातायत. त्यांच्यावरचा व्होल्टेज हलला की ते सूक्ष्म आकुंचन-प्रसरण पावतात, पीसीबी त्याचा पडदा होतो. 4 किलोहर्ट्झ ही नेमकी अशी जागा, जिथे कान सगळ्यात तिखट असतो, आणि तुमचा बोर्ड कानापासून दोन इंचांवर. टेबलावर ऐकू येणार नाही ते इथे येतं. खात्री करायला बूस्टच्या आउटपुटच्या मोठ्या कॅपॅसिटरवर टूथपिकचं टोक हलकेच दाबा. आवाज बदलला तर तोच.

बूस्ट चालू-बंद करून ओएलईडी मंद करणं ही पद्धतच चुकीची आहे. 10 व्होल्टची रेल (पुरवठ्याची लाइन) दर चक्रात खाली-वर होते, त्यात डिस्प्लेची आतली स्थिती बिघडू शकते. इनेबल कायम चालू ठेवा, ब्राइटनेस डिस्प्लेच्या रजिस्टरमधून (चिपमधल्या सेटिंगमधून) बदला. रेल सुरू आणि बंद करायचा क्रम डेटाशीटमध्ये दिलाय तसाच पाळा, बॅटरी संपताना आधी डिस्प्ले ऑफचा आदेश, मग 10 व्होल्ट बंद.

लुकलुक वायफायची आहे. प्रसारणाच्या क्षणी एस3 300 मिलिअँपिअरच्या वर ओढतो. पातळ वायर, कनेक्टर आणि बॅटरीचं संरक्षण सर्किट मिळून अर्धा ओहम धरा, दीडशे मिलिव्होल्टचा खड्डा पडतो आणि बूस्ट अडखळतो. चार अंकांना वायफाय लागतच नाही. बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) वापरा, वायफाय पूर्ण बंद, प्रसारणाची ताकद 0 डीबीएम (1 मिलिवॅट). बॅटरीकडून बूस्टला आणि एस3 ला वेगळ्या वायर न्या. बूस्टच्या इनपुटला 47 मायक्रोफॅरडचा पॉलिमर कॅपॅसिटर लावा.

एक खाचखळगा. 10 मायक्रोफॅरड, 16 व्होल्ट, 0603 आकाराचा एक्स5आर जातीचा सिरॅमिक कॅपॅसिटर 10 व्होल्टवर बऱ्याचदा 2–3 मायक्रोफॅरडच उरतो. स्किमॅटिकवर 10 दिसतात, सर्किटला मिळतात 3. 25 व्होल्टचा, 1206 आकाराचा घ्या, किंवा उत्पादकाचा डीसी बायसचा (व्होल्टेजमुळे क्षमता किती घटते त्याचा) आलेख बघूनच निवडा.

ओएलईडीवर तेच अंक त्याच जागी तासन् तास राहिले तर ती जागा झिजते. दर मिनिटाला पूर्ण मजकूर दोन-तीन पिक्सेल सरकवा, चौकट-रेघा काढू नका, रीडिंग दहा सेकंद बदललं नाही तर निम्म्यावर मंद करा.

---

टेस्टबेंच_सातपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. करून बघितलं ते लिहितो.

काच उलटीच होती, पेन्सिलीला स्पष्ट फट दिसली. सुलटी केल्यावर सावली आहे, पण मुद्दाम शोधावी लागते. स्टील पट्टीवर अंक उलट दिशेला 5.5 मिमी सरकत होते. 0.40 आणि 0.05 च्या शिम घालून सरक पाव मिलिमीटरवर आली, 48 वर्षांचे टेस्टर आता चष्म्याशिवाय वाचतात. युनिटखाली काळा कागद धरला तर दाराजवळचे अंक अक्षरशः उगवतात, त्यामुळे 3000 निटचा विचार सोडलाय.

बीएलईवर लुकलुक थांबली. पीडब्ल्यूएम काढला तरी किणकिण पूर्ण गेली नाही. ब्राइटनेस कमी केला की उलट जास्त ऐकू येते. हे का?

आणि आरपार ठेवायचं की झाकण लावायचं, यावर इथे दोन मतं आहेत. जिवंत (वीज चालू असलेल्या) पॅनेलसमोर काय बरं?

---

अंबड_पीसीबी

मंद केल्यावर वाढते म्हणजे बूस्ट पल्स गाळतोय. हलक्या लोडला बरेच कन्व्हर्टर वीज वाचवायला मधले ठोके सोडतात, आणि 1 मेगाहर्ट्झचा स्विच काही किलोहर्ट्झच्या झुंडींत चालायला लागतो. चिपला मोडची पिन असेल तर ती सक्तीच्या पीडब्ल्यूएमवर बांधा. दोन-चार मिलिअँपिअर जादा जातील, जाऊ द्या. पिन नसेल तर आउटपुटचा एक मोठा कॅपॅसिटर काढून त्याच्या जागी दोन सारखे, पीसीबीच्या वर आणि खाली बरोबर समोरासमोर लावा. एक बोर्डाला जेवढं वाकवतो तेवढंच दुसरा उलट वाकवतो. किंवा टँटलम कॅपॅसिटर, पण 10 व्होल्टला किमान 20–25 व्होल्टचा.

---

परवाना_धारक

शेवटच्या प्रश्नावर ठामपणे लिहितो. जिवंत 415 व्होल्टसमोर आरपारवालं युनिट नजरेच्या रेषेत नको.

एका डोळ्यासमोर 15 टक्के किंवा 25 टक्के उजेड आणि दुसऱ्यासमोर पूर्ण, असं असलं की मंद बाजूचा डोळा मेंदूला उशिरा बातमी देतो. आडवी हलणारी वस्तू मग खरी आहे त्यापेक्षा जवळ किंवा लांब भासते. याला पुलफ्रिख परिणाम म्हणतात. प्रोबचं टोक बसबारपासून (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) किती लांब आहे हे तुम्ही त्याच डोळ्यांनी ठरवणार आहात. झाकण लावून वरच्या कोपऱ्यात, हाच पर्याय. पॅनेलमध्ये बघताना ते दृष्टीत मधोमध येता कामा नये; बसवल्यावर डोळा सरळ ठेवून बसबार दिसतायत ना, ते प्रत्येक टेस्टरचं वेगळं तपासा. नाकाची उंची वेगळी असते.

बॉडीवर उघडा स्क्रू, पितळी इन्सर्ट, धातूची क्लिप काही नको. नायलॉनचे स्क्रू वापरा. मीटरकडून डोक्याकडे एकही वायर नको, चार्जिंगची यूएसबी केबल लावलेली असताना युनिट घालायचं नाही. फेस शील्ड लागणाऱ्या कामाला हे युनिट घालूच नका. आर्कच्या (विजेच्या ठिणगीच्या स्फोटाच्या) झळीत ते वितळून गालाला चिकटेल, शील्ड असो वा नसो.

बॅटरी कानामागे, उजव्या युनिटचा तोल म्हणून डाव्या दांडीला. कातडीला तासन् तास टेकणाऱ्या पृष्ठभागाला 43 अंश ही मर्यादा धरतात. नाशिकला एप्रिल-मेमध्ये शेडच्या आतच 40 होतं, म्हणजे तुमच्या हातात 3 अंश आहेत. म्हणून एस3 आणि बूस्ट कातडीच्या बाजूला नको, बाहेरच्या बाजूला, आणि मध्ये 2 मिमीची हवेची फट. चार्जिंग 150 मिलिअँपिअरच्या वर नेऊ नका.

प्रकाशाने डोळ्याला इजा होण्याची काळजी या डिस्प्लेत नाही. पांढऱ्या प्रकाशाच्या स्रोतासाठी 10,000 निटखाली सविस्तर तपासणी लागत नाही, तुम्ही डोळ्यात 237 टाकताय. एलईडी किंवा लेझरवर गेलात तर मात्र हिशोब नव्याने.

---

भिंग_आरसा

0.45 ची शिम म्हणजे अंदाज जवळ आला, छान. आता झाकण लावणार असाल तर पूर्ण परावर्तनाचा आरसा पुढच्या पृष्ठभागावर कोटिंग असलेला, 40 मिमी त्रिज्येचाच घ्या. मागे कोटिंग असलेला मेकअपचा आरसा घातलात तर पुढच्या काचेचं वेगळं परावर्तन होऊन सावली नव्याने उभी राहील. आरसा बदलला की फोकस पुन्हा पट्टीवर जुळवायचा, त्रिज्येत 1 टक्का फरक असला तरी 0.2 मिमी जातात, अर्धा नंबर. पण पूर्ण आरशातून पट्टी दिसणार नाही. अशा वेळी पट्टी युनिटच्या कडेने, खिडकीच्या अगदी लगत दिसेल अशी लावा आणि अंक स्क्रीनच्या त्या बाजूच्या कडेला आणून मोजा. कडेला डिस्प्लेच्या मध्यापेक्षा 0.15 मिमीची वाकलेल्या सपाटीची तफावत आहे, म्हणून तिथे सरक शून्य करू नका. अंक कॅमेऱ्याच्या उलट जवळजवळ 2 मिमी सरकले पाहिजेत, तेव्हा मध्य 1 मीटरवर असतो.

पुसताना शर्टाचं टोक वापरू नका, त्यावर पॅनेलच्या पत्र्याचा कीस असतो. आधी फुंकणीने हवा, मग लेन्सच्या कागदावर आयसोप्रोपिलचे दोन थेंब, कागद एकाच दिशेने ओढून टाकून द्यायचा. थेंब सरळ आरशावर टाकू नका, कडेने झिरपून गोंदात जातात.